दाराला किती कड्या?

विशेष मुलांच्या पालकांची सभा असली की आधी उपचार, शाळा, प्रमाणपत्र यांवरचे प्रश्न येतात. खरा प्रश्न येतो सभा संपल्यावर, चहाच्या वेळी. एखादी आई बाजूला येते आणि हळू आवाजात विचारते, "दाराला किती कड्या लावू हो?" वरची कडी तो स्टूल ठेवून काढतो. म्हणून तिने आणखी वर एक लावली, तर ती झाडूच्या दांड्याने पाडतो. कुलूप लावलं, तर किल्ली कुठल्या डब्यात असते ते त्याला पाठ. ज्याला शर्टाची बटणं लावायला वर्षभर शिकवावं लागलं, तो कुलूप उघडायला एका दिवसात शिकला! सांगता सांगता ती हसते. रात्री पदराचं टोक त्याच्या मनगटाला बांधून ती झोपते, हे ती नंतर, कप खाली ठेवताना सांगते.

या प्रकरणात तिच्याच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत आणि सुरक्षेची गरज प्रत्येकाची निराळी. ऐकू न येणाऱ्या मुलाला मागून येणाऱ्या गाडीची भीती. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आडवं निजवून भरवलं, तर घास श्वासनलिकेत जाण्याची. सगळं इथे कोंबलं तर सगळंच अर्धवट राहील. म्हणून एकच धोका धरू: घरातून कुणाच्या नकळत निघून जाणारं मूल. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या घरी ही काळजी फार; बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या घरीही ती नवी नाही.

१. पळतो की जातो?

आपण सहज म्हणतो, "पळून गेला." या शब्दात एक आरोप आहे, शिवाय एक चूक आहे. पळणारा कशापासून तरी पळतो. ही मुलं पुष्कळदा कशाकडे तरी जात असतात: एसटीच्या डेपोकडे, रेल्वेच्या फाटकाकडे, गिरणीच्या फिरत्या पट्ट्याकडे, वाहत्या नळाकडे. काही वेळा मात्र ती खरंच पळतात. कुकरच्या शिट्टीपासून, ढोलताशापासून, जमणार नाही अशा गृहपाठापासून. "मला तिकडे जायचंय" किंवा "मला हे सहन होत नाही" असं तोंडाने सांगता येत नाही, म्हणून पाय सांगतात.

अमेरिकेत स्वमग्न मुलांच्या १,२१८ कुटुंबांकडून घेतलेली माहिती २०१२ मध्ये 'पिडियाट्रिक्स' या नियतकालिकात आली. चार वर्षांचं झाल्यानंतर एकदा तरी निघून जाण्याचा प्रयत्न केलेली मुलं निघाली ४९ टक्के. २६ टक्के मुलं काळजी वाटावी इतका वेळ बेपत्ता होती. याच घरांतल्या, स्वमग्न नसलेल्या भावंडांमध्ये हे प्रमाण फारच कमी होतं. म्हणजे आई-बाप तेच, दार तेच, शिस्त तीच. "तुमचं लक्षच नसतं" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा एवढा आकडा ऐकवायला हरकत नाही.

आता मूल कशाकडे जातं किंवा कशापासून पळतं, हे कळायचं कसं? एक वही घ्यायची आणि प्रत्येक वेळी तीनच गोष्टी लिहायच्या: आधी काय चाललं होतं, तो किती वाजता आणि कसा गेला, कुठे काय करताना सापडला. समजा, नऊ वर्षांचा एक मुलगा आहे, पाच-सहा शब्द बोलणारा. महिन्याभरात तो चार वेळा निघून गेला. वही सांगते, की तीन वेळा तो संध्याकाळी साडेपाच ते सहाच्या मध्ये गेला आणि तिन्ही वेळा गिरणीसमोर उभा राहून पट्टा बघताना सापडला. चौथ्यांदा गेला तो रविवारी सकाळी. वरच्या मजल्यावर भिंतीला ड्रिल चालू होतं आणि हा जिन्याखाली कानांवर हात ठेवून बसलेला.

तीनदा 'कडे' आणि एकदा 'पासून'. आईला वाटत होतं, हा कधीही, कुठेही जातो. वहीने ते 'कधीही' अर्ध्या तासावर आणून ठेवलं. मग रोज सव्वापाचला बोट धरून दहा मिनिटं गिरणीवर न्यायचं. निघण्यापूर्वी गिरणीचं चित्र त्याच्या हातात द्यायचं आणि त्याने ते दाखवलं, की लगेच निघायचं. चित्र दाखवलं की जायला मिळतं हे एकदा कळलं, की तो कडीकडे जाण्याआधी चित्राकडे जाऊ लागण्याची शक्यता वाढते. फोन वापरणाऱ्या घरांसाठी मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप आहे. चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं, मराठीतही. ड्रिलवरचा उपाय अर्थातच वेगळा: कानांवर लावायचे आवाजरोधक, किंवा घरातला एक शांत कोपरा, जिथे पळून जायची त्याला परवानगी आहे.

"पण रोज नेलं तर सवय लागेल ना?" असं विचारतात. सवय तर लागलेलीच आहे. ती आता निदान तुमच्या सोबत होईल.

२. पाणी

सगळ्या ठिकाणांत एक ठिकाण वेगळं काढायला हवं. स्वमग्न मुलांना पाण्याची ओढ विलक्षण असते. चमकणारं, हलणारं, अंगाला सगळीकडून सारखं दाबणारं पाणी त्यांना शांत करतं, असं त्यांच्यासोबत राहणारे सांगतात. खोलीचं भान मात्र त्या ओढीबरोबर येत नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या. बुडून मरण्याचा धोका स्वमग्न मुलांना इतर मुलांच्या मानाने १६० पट असल्याचं त्यांना दिसलं. हा आकडा अमेरिकेतला. तिथे घरामागे पोहण्याचे तलाव असतात. आपल्याकडे काय असतं?

आपल्याकडे उघडी विहीर असते. टंचाईमुळे भरून ठेवलेली पिंपं असतात, गच्चीवरच्या टाकीचं अर्धवट सरकवलेलं झाकण असतं, बांधकामावर पाणी साठवलेला खड्डा असतो. आणि गेल्या काही वर्षांत शेततळी आली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर ती गावोगाव दिसू लागली. ज्या तळ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, ते विहिरीहूनही फसवं. विहीर पाहिली की निदान भीती वाटते. शेततळं उथळ, निळं, मैत्रीचं दिसतं. पण त्याच्या उतरत्या बाजूवर शेवाळ धरतं आणि एकदा घसरलेल्याला, मग तो पट्टीचा पोहणारा असला तरी, वर चढता येत नाही. हात कुठे लावायचा? कागदाला धरायला काहीच नसतं.

म्हणून असं मूल घरात किंवा शेजारी असेल, तर शेततळ्याला जाळीचं कुंपण आणि कडीचं फाटक हवंच. शिवाय चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवायचे. वरची टोकं खुंटाला पक्की, खालच्या टोकाला हवा भरलेली ट्रकची जुनी ट्यूब. खर्च किरकोळ आहे, आणि वाचले तर नुसतं हेच मूल नाही, तळ्यात उतरलेला कुणीही वाचेल.

घरात पिंपांची झाकणं घट्ट बसणारी हवीत. मुलाला फिट येत असतील तर न्हाणीघराची कडी आतून लावू द्यायची नाही आणि अंघोळ बसून, बादलीतल्या पाण्याने, कुणीतरी जवळ असताना.

पोहायला शिकवावं का? शिकवावंच. कपडे आणि चपला घालूनही एकदा पाण्यात उतरवावं, कारण मूल शेततळ्यात पडेल तेव्हा पोहण्याच्या चड्डीत नसेल. मात्र पोहता येतं म्हणून कुंपण काढायचं नाही.

आणखी एक. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं हात हलवून ओरडत नाही. ते गुपचूप बुडतं. बाहेर काढल्यावर श्वास चालू नसेल, तर पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं लगेच सुरू करायचं. ते वाचून येत नाही. घरातल्या दोघांनी तरी एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावं.

३. गोधडीचं गणित

आता कड्यांकडे येऊ. जुन्या साड्यांची गोधडी आठवा. प्रत्येक साडी कुठे ना कुठे विरलेली असते. एकटी पांघरली तर थंडी आत येणारच. पण सहा-सात साड्या एकावर एक घालून टाके मारले, की एकीचं भोक दुसरीच्या धडक्या भागाने झाकलं जातं. सुरक्षेचं तसंच आहे. न फाटणारी एकच साडी शोधत बसण्यापेक्षा विरलेल्या चार जोडाव्यात.

थोडा हिशेब करू. समजा, दाराची कडी पाचातून एकदा उघडी राहते. दारावर टांगलेली घंटा पाचातून एकदा कुणाला ऐकू येत नाही. खालच्या वॉचमनचं लक्ष पाचातून एकदा नसतं. नुसत्या कडीवर विसंबलात तर पाचातून एकदा मूल रस्त्यावर. कडी आणि घंटा मिळून पंचविसातून एकदा. तिन्ही मिळून सव्वाशेतून एकदा. तिघांतला एकही फारसा भरवशाचा नाही, तरी फरक केवढा पडला!

पण या गुणाकाराला एक अट आहे: भोकं एकमेकांपासून स्वतंत्र हवीत. घरात साखरपुडा आहे असं समजा. माणसांची ये-जा म्हणून कडी काढलेली, गलक्यात घंटा ऐकू येत नाही, वॉचमन गाड्या लावण्यात गुंतलेला. तिन्ही भोकं एका रेषेत आली आणि गुणाकार संपला. म्हणून धोक्याचे दिवस म्हणजे लग्नकार्य, गणपती, घर बदलण्याचा दिवस, गावची जत्रा. घरात वीस माणसं असतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरं कुणीतरी बघतंय.

यावर उपाय खो-खोचा. खो मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही आणि खो दिल्याशिवाय धावणाऱ्याने बसायचं नाही. अशा दिवशी एक ठळक रंगाचा रुमाल ठरवायचा. तो ज्याच्या खांद्यावर, मूल त्याच्याकडे. अर्ध्या तासाने दुसऱ्याच्या हातात देताना तोंडाने म्हणायचं, "काका, आता तुमच्याकडे." काकांनी "हो" म्हटल्याशिवाय रुमाल सोडायचा नाही. पाहुण्यांना गंमत वाटते. वाटू द्या.

घंटेवरून आठवलं. चालू लागलेल्या मुलांच्या पायात घुंगरांचे वाळे घालायची आपली जुनी पद्धत नुसती कौतुकाची नव्हती; परसातलं मूल कुठे आहे ते आईला चुलीपाशी कळत असे. दहा वर्षांच्या मुलाच्या पायात आज ते चालणार नाहीत. पण दार उघडलं की वाजणारी बॅटरीची छोटी यंत्रं इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात, ती तेच काम करतात.

कडीबद्दल दोन गोष्टी निक्षून. आतून कुलूप लावत असाल, तर किल्ली दाराशेजारीच मोठ्यांच्या हाताला लागेल, अंधारातही सापडेल अशी हवी. गॅस पेटला तर डबे शोधायला वेळ नसतो. आणि मुलाला बाहेरून कोंडून कामाला जायचं नाही, साखळीने बांधायचं तर नाहीच. बांधलेल्या मुलांची छायाचित्रं अधूनमधून वर्तमानपत्रात येतात आणि वाचणारे आई-बापांना शिव्या घालतात. मला त्या घरांत क्रौर्यापेक्षा थकवा जास्त असावा असं वाटतं. पण आग, साप, पूर यांना तो थकवा कळत नाही.

४. नाव सांगता न येणारं मूल

चार-पाच वर्षांपूर्वी नागपूरची एक बातमी गाजली होती. २०११ च्या सुमारास तिथल्या रेल्वे स्थानकावर नीट बोलता न येणारा एक मुलगा सापडला. तो कुठला, कुणाचा, काही सांगता येईना. आधी अनाथालय आणि मग एक कुटुंब, असं करत तो वाढला. शाळेसाठी आधार काढायला नेलं, तर बोटांचे ठसे यंत्र स्वीकारेना. खोलात गेल्यावर कळलं, की हे ठसे जबलपूरला आधीच नोंदलेले आहेत, दुसऱ्या नावाने. २०२१ मध्ये तो मुलगा आई-बापांना भेटला. दहा वर्षं त्याची ओळख त्याच्या बोटांवर होती.

यातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारमध्ये ठसे आणि बुबुळं नसतात, फक्त फोटो असतो. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी ती नोंद करून घ्यावी लागते. विशेष मूल यंत्रासमोर स्थिर बसत नाही, म्हणून पालक हे पुढे ढकलत राहतात. ढकलू नका. दोन-तीन खेपा झाल्या तरी चालतील.

अर्थात, दहा वर्षं वाट बघायची नसेल तर अंगावर फोन नंबर हवा. शाळेचं ओळखपत्र पुष्कळ मुलं गळ्याला टोचतं म्हणून काढून फेकतात. त्यापेक्षा जे कापड तो कधीच काढत नाही, त्याच्या आतल्या बाजूला नंबर शिवून टाकावा. गर्दीत जाताना मनगटाच्या आतल्या अंगाला पेनने लिहून वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. नंबर दोन असावेत. नाव मात्र बाहेरून वाचता येईल असं लिहू नये. नावाने हाक मारणारा अनोळखी माणूस मुलाला ओळखीचा वाटतो.

मूल कुठे आहे ते फोनवर दाखवणारी, सिम कार्ड घालायची घड्याळं उपयोगी आहेत, चार्ज केलेली असतील तर. किल्ल्यांना अडकवायची बिल्ल्यासारखी छोटी शोधयंत्रं जवळपासच्या लोकांच्या फोनवर अवलंबून असतात. ठाण्याच्या बाजारात मूल त्यांनी सापडेल, उसाच्या फडात नाही.

५. किल्ली असलेली माणसं

आतापर्यंत आपण धोका दाराबाहेर आहे असं धरलं. ज्या माणसाला कडी काढावीच लागत नाही, त्याचं काय?

विशेष मुलांना आपण एक गोष्ट फार कष्टाने शिकवतो: सांगितलेलं ऐकणं. "बस" म्हटलं की बस, "हात पुढे कर" म्हटलं की कर. तेवढं झालं की टाळ्या. त्यातच अंघोळ, कपडे, शौच यांसाठी त्याच्या अंगाला पाच-सहा वेगवेगळी माणसं हात लावतात. सगळ्यांचं ऐकणारं, स्पर्शाची सवय असलेलं आणि घडलेलं सांगू न शकणारं मूल. गैरफायदा घेणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं?

म्हणून 'नाही' शिकवायला हवं, आणि ते मानायलाही हवं. तो भाजी नको म्हणतो तेव्हा दिवसातून एकदा तरी ते 'नको' चालू द्या. आजीला पापा द्यायचा नसेल तर आजीची समजूत घाला, त्याची नाही. बोलण्यासाठी चित्रं वापरत असाल, तर त्यांत शरीराच्या सगळ्या अवयवांची चित्रं हवीत, गुप्तांगांचीही. मी पाहिलेल्या कितीतरी चित्रपुस्तकांत नाक, कान, गुडघा आहे आणि मध्ये एकदम कोरी जागा आहे. ज्याला शब्दच दिला नाही, तो तक्रार काय करणार? अंघोळ घालणारी माणसं दोनच असावीत आणि ती कोण, हे मुलाला फोटोंतून ठाऊक असावं.

पॉक्सो, म्हणजे २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा. दिव्यांग मुलाच्या असहायतेचा फायदा घेणं त्यात अधिक गंभीर गुन्हा धरलं आहे. जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची भाषा कळणाऱ्या माणसाची मदत घेण्याची तरतूद आहे. "त्याला बोलता येत नाही, जबाब कसा घेणार?" असं कुणी म्हटलं, तर ही तरतूद दाखवा. एक खाच मात्र माहीत हवी. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या कायद्यातलं वय म्हणजे जन्मतारखेचं वय, बुद्धीचं नाही. अठरा पूर्ण झाल्यावर मुलगी सहा वर्षांच्या समजुतीची असली तरी पॉक्सो लागत नाही, इतर कायदे लागतात.

६. पहिली वीस मिनिटं

आणि इतकं करूनही एक दिवस दार उघडं दिसतं.

तेव्हा डोकं चालत नाही, म्हणून आज, शांतपणे, एका कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा. कोणी कुठे जायचं ते नावानिशी. पहिला माणूस पाण्याकडे, मूल तिकडे जाणार नाही अशी खात्री असली तरी. दुसरा वहीत सर्वांत जास्त वेळा आलेल्या जागी. तिसरा घरीच थांबतो, कारण मूल परतही येतं, आणि तोच फोन करतो: ११२ पोलिसांना, १०९८ चाइल्डलाइनला, जवळ रेल्वे असेल तर १३९. खाट, कपाट, गच्ची, पार्किंगमधल्या गाड्यांचं आतलं अंग हेही त्यानेच बघायचं.

पोलिसांत "चोवीस तास वाट बघा" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. १० मे २०१३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की बालक हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून एफआयआर नोंदवायचा. ताजा फोटो, उंची, अंगावरचे कपडे आणि कशाकडे ओढ आहे हे सांगा. शेवटची गोष्ट बहुधा कुणी विचारत नाही. आपण होऊन सांगा.

शोधणाऱ्यांनाही एक सूचना द्यावी लागते. वीस माणसं नावाने ओरडत निघाली, तर हे मूल ओ देणार नाही. उलट आवाजाने घाबरून आणखी दडेल. त्यापेक्षा त्याचं आवडतं गाणं फोनवर लावून चाला. दिसल्यावर धावून धरू नका. मागे तळं किंवा रस्ता असेल तर तो तिकडेच पळेल. बाजूने जा, जवळ बसा, आवडीची वस्तू पुढे करा.

सापडल्यावर आईचा हात उगारला जातो. भीती तशी बाहेर पडते, ते कळतं. पण त्याच्या लेखी मार मिळतो तो सापडल्याबद्दल. म्हणून घरी या, त्याला पाणी द्या, ओले कपडे बदला, काही मिनिटं कुणीच काही बोलू नका. मग वही काढा: किती वाजता, आधी काय चाललं होतं, कोणती कडी उघडी होती, कुठे सापडला, तिथे काय बघत होता.